आजीचा एपिसोड आणि एका टॅगची गोष्ट

हेडफोन लावलेत? नसतील लावले आणि नुसतं वाचत असाल तरी चालेल, हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार आहे. बोलताना मी जिथे जिथे 'ॲक्च्युअली' म्हणालो ते सगळं गाळलंय, त्यामुळे मजकूर बराच आटोपशीर झालाय.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि माझा कॉलेजचा मित्र, आम्ही एक पॉडकास्ट सुरू केला. हा नाही, याच्या आधीचा. एक फुकट ॲप होतं. त्यातच रेकॉर्ड करायचं, त्यातच कापाकापी करायची, त्यातूनच पब्लिश करायचं. १४ एपिसोड केले. त्यातला सहावा म्हणजे माझी आजी. पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. मांडणीवरची भांडी कशी खाली आली, दोन पोरं काखोटीला मारून ती अंगणात कशी पळाली, पुढे कित्येक रात्री अख्खं गाव खळ्यात कसं झोपलं, हे ती चाळीस मिनिटं सांगत होती. मधेच कुकरची शिट्टी वाजते. ती आम्ही काढली नाही.

२०२१ मध्ये आजी गेली. २०२२ मध्ये ते ॲप गेलं. 'अमुक दिवसांत आपला डेटा उतरवून घ्या' असा ईमेल आला होता म्हणे. तो प्रमोशन्सच्या टॅबमध्ये पडून राहिला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बी.टेक. वगैरे. ऑफिसात ज्युनिअर पोरांना बॅकअपवर लेक्चर देतो. आणि १४ पैकी ११ एपिसोडची फाइल माझ्याकडे नव्हती. हसा, हसून घ्या.

इन्स्टाग्रामवर आम्ही 'जुने एपिसोड गेले, सॉरी' अशी पोस्ट टाकली. आठवड्याभराने एक मेसेज आला. 'दादा, आजींचा एपिसोड माझ्या जुन्या फोनात आहे. पाठवू का?' मेसेज पाठवणारा मर्चंट नेव्हीत आहे, कोकणातला. बोटीवर जायच्या आधी तो आवडत्या शोचे सगळे एपिसोड डाउनलोड करून ठेवतो, कारण समुद्रात रेंज नसते. थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर १९ एमबीची फाइल आली. कुकरच्या शिट्टीसकट.

त्या रात्री मी तो एपिसोड तीनदा ऐकला. आणि मग, इंजिनिअरची खोड, विचार करत बसलो. कंपनी बंद, सर्व्हर बंद. तरी फाइल त्याच्या फोनात जिवंत कशी? एखादं गाणं ॲपवरून काढलं की आपल्या 'डाउनलोड्स'मधूनही गायब होतं. वेब सिरीजचंही तेच. मग पॉडकास्टचंच असं वेगळं का?

उत्तर शोधत गेलो तर थेट २००० सालात पोचलो. आजची गोष्ट तिथली.

त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये दोन माणसं भेटली. एक ॲडम करी. हा एमटीव्हीचा जुना व्हीजे, लांब केसांचा, हेडबँगर्स बॉल नावाचा हेवी मेटलचा कार्यक्रम करायचा. पण डोकं इंटरनेटमध्ये. १९९३ मध्ये, चॅनेलवाल्यांना इंटरनेट म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं तेव्हा, या पठ्ठ्याने एमटीव्ही डॉट कॉम हा पत्ता स्वतःच्या नावावर घेतला होता. पुढे नोकरी सोडल्यावर चॅनेलने त्याच्यावर खटला भरला, कोर्टाबाहेर मिटला. दुसरा डेव्ह वायनर. हा प्रोग्रामर, ब्लॉगिंगच्या पहिल्या पिढीतला, आणि आरएसएस घडवणाऱ्यांपैकी एक.

आरएसएस म्हणजे काय? कठीण काही नाही. वेबसाइटवर एक साधी मजकुराची फाइल ठेवलेली असते. तिच्यात यादी असते: नवीन काय आलं, शीर्षक काय, कधीचं, लिंक कोणती. या फाइलला फीड म्हणायचं. तुमचं ॲप ठरावीक वेळाने ही फाइल उघडून बघतं. यादीत नवीन ओळ दिसली की तुम्हाला कळवतं. बस. तुम्हाला रोज पन्नास साइटवर फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

करीची तक्रार वेगळी होती. त्या काळचं इंटरनेट आठवा (तुम्हाला आठवणार नाही, मलाही नाही, पण कल्पना करा). व्हिडिओवर क्लिक करायचं, मग वाट बघत बसायचं, आणि इतकं थांबून जे दिसायचं ते टपालाच्या तिकिटाएवढं. करीचं म्हणणं असं की माणसाला वाट बघायला लावता कशाला? घरातला कॉम्प्युटर रात्रभर रिकामा असतो, लाइनही रिकामी असते. जड फाइल तेव्हा येऊ दे. आणि ती पूर्ण आली की मगच मला सांगा की काहीतरी नवीन आलंय. म्हणजे माझ्या लेखी वाट बघण्याचा वेळ शून्य.

मला ही आयडिया वाचल्या वाचल्या पटली, कारण सांगलीत हॉस्टेलला असताना आम्ही तेच करायचो. जिओ यायच्या आधी. महिन्याचा डेटा एक जीबी, त्यात नाइट पॅक मारायचा, रात्री १२ ते ६. अलार्म लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं, परत झोपायचं. करी आणि वायनर ज्यावर डोकं खाजवत होते तो प्रश्न आमच्या विंगमध्ये २०१५ पर्यंत चालू होता.

तर या प्रश्नावर उत्तर म्हणून आरएसएसच्या यादीत एक छोटा टॅग आला. नाव एन्क्लोजर. पत्रासोबत पाकीट जोडतो ना आपण, तसा. त्या टॅगमध्ये तीनच गोष्टी: फाइलचा पत्ता, फाइल किती बाइटची आहे, आणि फाइल कोणत्या प्रकारची आहे. आरएसएसमधून ऑडिओ-व्हिडिओ पाठवायची अशीच सूचना ट्रिस्टन लुई नावाच्या माणसानेही २००० च्या ऑक्टोबरमध्ये मांडली होती. डिसेंबर २००० च्या आरएसएस ०.९२ मध्ये वायनरने एन्क्लोजर घातला आणि ११ जानेवारी २००१ ला स्वतःच्या ब्लॉगच्या फीडला ग्रेटफुल डेड या बँडचं एक गाणं जोडून दाखवलं.

तारीख नीट बघा. आयपॉड जाहीर झाला ऑक्टोबर २००१ मध्ये. म्हणजे ज्याच्या नावावरून पॉडकास्ट हे नाव पडलं तो आयपॉड या टॅगपेक्षा नऊ महिन्यांनी धाकटा!

पुढची दोन-अडीच वर्षं त्या टॅगला फारसं कुणी विचारलं नाही. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. कुणीही न वापरणारी फीचर्स लिहिण्यात माझीही उमेदीची वर्षं गेली आहेत. २००३ च्या उन्हाळ्यात ख्रिस्तोफर लायडन हा बोस्टनचा अनुभवी रेडिओ पत्रकार हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमध्ये वायनरला भेटला. त्याने ब्लॉगर आणि राजकारणातल्या लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायला सुरुवात केली, वायनरने त्यांचं एन्क्लोजरवालं फीड बनवून दिलं. आता फक्त शेवटचा हात-दोन हात अंतर राहिलं होतं: कॉम्प्युटरवर आलेली फाइल आयपॉडमध्ये आपोआप कशी जाणार? ऑक्टोबर २००३ मध्ये ब्लॉगरकॉन नावाच्या संमेलनात केव्हिन मार्क्सने ते करणारी एक स्क्रिप्ट दाखवली. करीने मग स्वतःच्या तोडक्यामोडक्या कोडिंगमधून ॲपलस्क्रिप्टमध्ये एक प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तो पुढे आयपॉडर म्हणून ओळखला गेला, आणि खऱ्या प्रोग्रामर लोकांनी तो सुधारला. तो वापरून ऐकायला काहीतरी हवं, म्हणून १३ ऑगस्ट २००४ ला करीने डेली सोर्स कोड हा शो सुरू केला. नावातच कोड आहे, कारण ऐकणारे बहुतेक कोड लिहिणारेच होते.

आणि 'पॉडकास्ट' हे नाव? तेही असंच जाता जाता. १२ फेब्रुवारी २००४ च्या गार्डियनमध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने या नव्या प्रकाराबद्दल लिहिताना, याला म्हणायचं तरी काय, असं विचारत दोन-तीन नावं सुचवली. त्यातलं एक पॉडकास्टिंग. त्याने नंतर सांगितलं की लेखात जागा थोडी उरली होती, ती भरायला ते वाक्य घातलं. २००५ मध्ये तोच शब्द न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा वर्षाचा शब्द ठरला.

२८ जून २००५. ॲपलने आयट्यून्स ४.९ आणलं, त्यात ३,००० हून जास्त पॉडकास्ट. दोन दिवसांत दहा लाख सबस्क्रिप्शन. इथे एक बारकावा आहे आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ॲपलने फाइल्स स्वतःकडे घेतल्याच नाहीत. त्यांनी केली फक्त यादी, टेलिफोन डिरेक्टरीसारखी. फाइल तुमच्या सर्व्हरवर, फीड तुमचं, ॲपल फक्त पत्ता सांगणार. त्यांना आयपॉड विकायचे होते, पॉडकास्टची मालकी मिळवण्यात रस नव्हता. ॲपलसारख्या सगळं मुठीत ठेवणाऱ्या कंपनीच्या हातून हे झालं, हा निव्वळ योगायोग म्हणायचा. (त्याच सुमारास ओडिओ नावाची एक कंपनी पॉडकास्टिंगचाच धंदा करायला निघाली होती. आयट्यून्स आल्यावर त्यांचं धाबं दणाणलं, मग नवीन काय करावं यावर डोकी लढवताना २००६ मध्ये ट्विटर जन्माला आलं. असो, तो वेगळा एपिसोड.)

नंतर बराच काळ सगळं थंड. लोक म्हणायला लागले, झालं, फॅड होतं. फीडवाल्यांना तर २०१३ मध्ये मोठा फटका बसला, गूगल रीडर बंद झालं. आणि त्याच वर्षी एक भलतंच संकट उभं राहिलं, ज्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

पर्सनल ऑडिओ नावाची टेक्सासमधली कंपनी. १९९६ च्या सुमारास त्यांचा धंदा होता मासिकांतले लेख वाचून त्यांच्या कॅसेट पोस्टाने पाठवण्याचा. तो चालला नाही. पण त्या काळातल्या अर्जाच्या आधारावर २०१२ मध्ये त्यांना एक पेटंट मिळालं आणि त्यांचा दावा असा: मालिकेतले भाग इंटरनेटवर टाकायचे, यादी अपडेट करत राहायची, ही पद्धत आमची. म्हणजे पॉडकास्टिंगच आमचं! पॉडकास्टवाल्यांना पत्रं गेली, लायसन्स घ्या. कॉमेडियन ॲडम कॅरोलावर थेट दावा ठोकला. करीचा टॅग, वायनरचं फीड, हजारो लोकांनी गॅरेजमध्ये बसून केलेले शो, आणि भाडं मागायला आले कॅसेटवाले.

कॅरोलाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून केस लढवली आणि २०१४ मध्ये तडजोड झाली. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने पेटंटच्या मुळावरच घाव घातला. त्यांनी ३०,००० डॉलरची लोकवर्गणी मागितली, जमली दुपटीहून जास्त. पेटंट पाडायचं तर दाखवावं लागतं की हे तुमच्या आधी कुणीतरी केलं होतं. पुरावे म्हणून पुढे आले कॅनडाच्या सीबीसी रेडिओवरचा विज्ञानाचा कार्यक्रम क्वर्क्स अँड क्वार्क्स आणि सीएनएनची इंटरनेट न्यूजरूम. हे लोक तेव्हाच आपले भाग वेबवर टाकत होते, गाजावाजा न करता. एप्रिल २०१५ मध्ये पेटंट ऑफिसने ते दावे रद्द केले, २०१७ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं. मी हे वाचताना मनात विचार केला, हा निकाल उलटा लागला असता तर माझ्यासारख्या फुकट्या पॉडकास्टरने पहिल्याच पत्राला घाबरून शो बंद केला असता.

मधल्या काळात, ३ ऑक्टोबर २०१४ ला, सीरियल आला. सारा कोनिग ही पत्रकार, १९९९ मधलं बाल्टिमोरचं खुनाचं प्रकरण, दर आठवड्याला एक धागा. काही आठवड्यांपूर्वीच ॲपलने आयफोनमध्ये पॉडकास्टचं ॲप आधीपासूनच टाकून द्यायला सुरुवात केली होती. डाउनलोडची संख्या ५० लाखांवर इतक्या वेगाने तोपर्यंत कुठलाच पॉडकास्ट गेला नव्हता. मी ऐकला २०१६ मध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, नाइट पॅकमधून आलेल्या फाइल्स एका मित्राने पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या. बघा, तेव्हाही फाइलच होती.

आता आपल्याकडे येऊ. भारतात पॉडकास्टचं वय तसं कमी नाही, इंडिकास्ट हा शो २००५ पासूनचा आहे. पण ऐकणार कुणाच्या डेटावर? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि गणित बदललं. मुंबईत आयव्हीएम पॉडकास्ट्स त्याच्या आधीच, २०१५ मध्ये, उभी राहिली होती. त्यांच्या सायरस सेज या शोचा सायरस ब्रोचा हाही एमटीव्हीचाच व्हीजे. या धंद्यात व्हीजे लोकांचं काय आहे कुणास ठाऊक.

रेडिओ आपल्याकडे होताच की, मग पॉडकास्ट कशाला, असं माझे बाबा विचारतात. बाबा, कारण आहे. खासगी एफएमला आपल्या देशात स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. लावायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. आणि फ्रिक्वेन्सी मिळते लिलावात, कोट्यवधी रुपयांना. एवढे पैसे घातल्यावर माणूस गाणीच लावणार. भूकंपाच्या रात्रीबद्दल चाळीस मिनिटं बोलणारी म्हातारी कुठल्या एफएमवर बसते? आरएसएस फीडला लिलाव नाही. बीबीसी मराठीचं तीन गोष्टी किंवा सोपी गोष्ट मी ऑफिसला जाताना ऐकतो, बसच्या गर्दीत उभ्याने. ही सोय एफएमवर होऊच शकली नसती.

मग मोठे पैसे आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफायने गिमलेट आणि अँकर या कंपन्या विकत घेतल्या, दोन्ही मिळून ३० कोटी डॉलरहून जास्त मोजून. त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात आलं. २०२० मध्ये त्यांनी जो रोगनचा शो फक्त आपल्याकडे आणला, म्हणजे बाकीच्या ॲपमध्ये तो दिसेना. ज्याला कुठल्याही ॲपमधून फीड लावता येत नाही त्याला पॉडकास्ट म्हणायचं का, यावर तेव्हा खूप भांडणं झाली. मी 'नाही' म्हणणाऱ्यांत होतो आणि आहे. २०२४ मध्ये नवा करार झाला आणि रोगनचा शो पुन्हा सगळीकडे दिसू लागला. त्याच वर्षी गूगल पॉडकास्ट्स बंद झालं, लोकांना सांगितलं, यूट्यूब म्युझिकवर जा.

आणि आता यूट्यूब. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं की महिन्याला १०० कोटी लोक त्यांच्याकडे पॉडकास्ट बघतात. 'बघतात'! मराठीत आज कुणालाही पॉडकास्ट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन खुर्च्या, दोन माइक, मागे झाड. मित्रम्हणे, अमुक तमुक हे शो बहुतेकांना यूट्यूबवरच भेटले. मीही बघतो, आवडीने बघतो. आमचा हा शोही तिथे आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्यापैकी अर्ध्याहून जास्त लोक तिथूनच येता. जाहिरातीचे चार पैसेही तिथूनच. तेव्हा मी यूट्यूबला नावं ठेवणं म्हणजे ज्या ताटात जेवायचं त्यातच छेद करणं.

पण एक गोष्ट तिथे होत नाही. यूट्यूबवर ऑफलाइन सेव्ह केलेला व्हिडिओ ही तुमच्या फोनातली फाइल नसते. ती यूट्यूबच्या ॲपमध्येच उघडते, त्यांची परवानगी असेपर्यंत. मूळ चॅनेलने व्हिडिओ काढला की तुमच्याकडूनही गेला. बोटीवरच्या त्या श्रोत्याने माझ्या आजीचा एपिसोड तिथून सेव्ह केला असता, तर मला पाठवायला त्याच्याकडे काही उरलंच नसतं. त्याने साध्या पॉडकास्ट ॲपने घेतला होता. ॲपने फीड वाचलं, एन्क्लोजर टॅगमधला पत्ता उचलला, आणि एमपी३ फाइल पूर्णपणे त्याच्या फोनात आणून ठेवली. करीला हवी होती तशी, आधीच आणि आख्खी.

आता आम्ही शहाणे झालोय. या शोचं फीड आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे. होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहील. सगळ्या एपिसोडच्या फाइल्स दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे पुण्यात, एक गावी बाबांच्या कपाटात. तुमचा स्वतःचा शो असेल तर आज घरी गेल्यावर एक करा: होस्टिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या फीडचा पत्ता शोधा, आणि होस्ट बदलल्यावर जुना पत्ता नव्याकडे वळवून देतात का ते बघा. नसतील देत तर लवकर बाहेर पडा.

जुन्या शोचं म्हणाल तर बोटीवरच्या त्या भावाकडे आजींचा धरून एकूण पाच एपिसोड निघाले. ते या फीडमध्ये बोनस म्हणून टाकलेत. हरवलेल्या ११ पैकी सहा अजून सापडलेले नाहीत: ३, ४, ७, ९, १० आणि १२. सातव्यात माझ्या मित्राचे काका आहेत, गिरणीतल्या आठवणी सांगणारे, आणि काकूंनी तो मला दोनदा मागितलाय. तुम्ही २०२० मध्ये आमचं ऐकत होतात आणि ड्रॉवरमध्ये एखादा जुना फोन पडलाय, तर चार्जरला लावून बघा, पॉडकास्टच्या ॲपमध्ये डाउनलोड्स उघडा. काही निघालं तर इन्स्टावर मेसेज करा.